‘दोन्हींची माहिती आहे, तुलना कुठे आहे?’

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मराठवाड्यातील एका महाविद्यालयात भूगोल घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला अंतर्गत मूल्यमापनासाठी ‘कोयना आणि जायकवाडी : तुलनात्मक निबंध’ हा विषय मिळाला. तिने नऊ पाने लिहिली. पहिली साडेचार पाने कोयनेवर, पुढची साडेचार जायकवाडीवर, आणि शेवटी आठ साम्ये व आठ भेद दाखवणारा दोन रकान्यांचा तक्ता. मार्गदर्शक शिक्षकांनी ‘दोन्हींची माहिती आहे, तुलना कुठे आहे?’ एवढाच शेरा मारून निबंध परत दिला आणि पुन्हा लिहिण्यासाठी दोन आठवडे दिले. ती विचारते : ‘साम्य आणि भेद दोन्ही समान संख्येने दिले, कोणत्याही धरणाची बाजू घेतली नाही, तरी तुलना झाली नाही म्हणजे नेमके काय राहिले? शिवाय माझ्या आजीचे गाव नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, पाण्याखाली गेले आहे. तटस्थ राहायचे म्हणून मी त्याचा उल्लेखही टाळला. ते बरोबर केले का?’

प्रिय विद्यार्थिनी,

पत्रासोबत तुम्ही जोडलेली निबंधाची प्रत मी दोन वेळा वाचली. माहिती जमवण्यासाठी तुम्ही घेतलेले कष्ट पानोपानी दिसतात, भाषा स्वच्छ आहे आणि आकड्यांत मला ढोबळ चूक आढळली नाही. एवढे करूनही असा एका ओळीचा शेरा हाती पडला की मन खट्टू होते, हे मी समजू शकते. तरीही तो शेरा मला योग्य वाटतो. मात्र तो तुमच्या माहितीवर नाही. लेखणी कागदाला लावण्यापूर्वी जे एक काम करायचे असते ते राहून गेले, एवढेच त्यातून कळते.

ते काम कोणते हे सांगण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका गृहीताकडे लक्ष वेधतो. साम्ये आणि भेद समसमान मोजून दिले की तुलना पूर्ण होते, असे तुम्ही मानले आहे. ही समजूत तुमच्या एकटीची नाही. शाळेत आपण सर्वांनी ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे सोडवला आहे. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे एक, उजवीकडे दुसरे, आणि चार गुणांसाठी चार मुद्दे. त्या प्रश्नाचे उद्दिष्ट मर्यादित असते : विद्यार्थ्याने दोन संकल्पनांची गल्लत करू नये. तुलनात्मक निबंधाचे काम याहून वेगळे आहे. दोन गोष्टी शेजारी ठेवल्यामुळे असे काही दिसले पाहिजे, जे त्यांपैकी कोणतीही एक गोष्ट स्वतंत्रपणे कितीही बारकाईने पाहिली तरी दिसले नसते. तुमच्या निबंधातली कोयनेची साडेचार पाने फाडून वेगळी केली तर ती स्वतंत्र लेख म्हणून उभी राहतात, जायकवाडीचीही तशीच उभी राहतात, आणि फाडल्याने काहीही बिघडत नाही. शिक्षकांना खटकले असेल ते हेच.

आता राहिलेले काम. तुलनेला प्रश्न लागतो. ‘कोयना आणि जायकवाडी’ हा विषय झाला, तो प्रश्न नव्हे. आणि प्रश्न शोधण्याची जागा बहुधा भेदांच्या रकान्यात नसते. एक धरण साताऱ्यात, दुसरे पैठणला, एक काँक्रीटचे, दुसरे मातीचे, एक कृष्णेच्या खोऱ्यात, दुसरे गोदावरीवर, असे भेद कोणत्याही दोन धरणांत सापडतील, कारण दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या असणारच. ज्या साम्याची आपल्याला अपेक्षा नव्हती, त्याच्या आसपास प्रश्न सापडतो.

असे एक साम्य तुमच्याच निबंधात आहे, पण ते तुमच्या नजरेतून निसटले. दुसऱ्या पानावर तुम्ही कोयनेची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, अशी दिली आहे. सहाव्या पानावर जायकवाडीची क्षमता २,९०९ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, अशी आहे. दोन वेगळ्या ठिकाणांहून आकडे घेतले आणि ते जसेच्या तसे उतरवले, त्यामुळे वाचणाऱ्याला १०५ आणि २,९०९ यांचा मेळ लागत नाही, आणि लिहिताना तुम्हालाही तो लागला नाही. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. या हिशेबाने जायकवाडीची क्षमता १०२.७ टीएमसी होते. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतले कोयना आणि मराठवाड्याच्या तोंडाशी असलेले जायकवाडी या दोन धरणांच्या पोटात जवळजवळ सारखेच पाणी मावते. एकाच मापाने मोजणे ही तुलनेची पहिली अट आहे, आणि ती पाळली असती तर प्रश्न आपोआप समोर उभा राहिला असता : इतके सारखे पाणी साठवू शकणारी दोन धरणे, मग त्यांपैकी एकाची बातमी बहुतेक पावसाळ्यांत ‘दरवाजे उघडले’ अशी येते आणि दुसऱ्याची अनेक वर्षी ‘किती टक्के भरले’ या काळजीने येते, असे का?

हा प्रश्न हाती धरला की तुमची तीच माहिती वेगळी दिसू लागते. पाणलोट क्षेत्राचे आकडे तुम्ही दिले आहेत, कोयनेचे सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आणि जायकवाडीचे सुमारे २१,७५० चौरस किलोमीटर, पण त्यांच्यात चार पानांचे अंतर आहे. ते शेजारी आणा आणि थोडे अंकगणित करा. जायकवाडीला पाणी देणारा प्रदेश कोयनेच्या चोवीस पट मोठा आहे. कोयना एकदा पूर्ण भरायची तर तिच्या पाणलोटातून सरासरी ३.३ मीटर उंचीइतके पाणी वाहून धरणात आले पाहिजे. जायकवाडी भरायला तिच्या पाणलोटातून सरासरी अवघे १३ सेंटिमीटर पाणी पुरेसे आहे. केवळ हे दोन आकडे पाहणारा परका माणूस म्हणेल की जायकवाडी दरवर्षी सहज भरत असेल आणि कोयनेचे अवघड आहे. प्रत्यक्षात उलट घडते. येथे वाचक सावरून बसतो, कारण आता त्याला कारण हवे असते आणि ते सांगण्यासाठी तुमच्याकडे पुढची पाने आहेत.

कारणांपैकी एक तुमच्या निबंधात आहेच. महाबळेश्वरपासून कोयनानगरपर्यंतच्या घाटमाथ्यावर वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्या चिंचोळ्या पाणलोटात कोयनेच्या वरच्या अंगाला दुसरे मोठे धरण नाही. याउलट जायकवाडीच्या विस्तीर्ण पाणलोटाचा पश्चिमेकडचा, त्र्यंबकेश्वर आणि अकोले तालुक्याकडचा घाटमाथा सोडला तर बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो, आणि जिथे पाऊस पडतो तिथून येणाऱ्या नद्यांवर गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणे पाणी अडवून उभी आहेत. तुम्ही या धरणांची नावे ‘इतर माहिती’ या शीर्षकाखाली शेवटच्या परिच्छेदात टाकली आहेत. प्रश्न ठरल्यावर ती निबंधाच्या मध्यभागी येतात.

जलाशयाच्या आकाराचेही तसेच. कोयनेचा शिवसागर डोंगरांच्या मधल्या खोल, अरुंद दरीत पसरला आहे, नाथसागर सपाट प्रदेशात. सारखेच पाणी साठवायला कोयनेला सुमारे ११५ चौरस किलोमीटर जागा लागते, तर जायकवाडीला सुमारे ३५०. आकड्याला आकडा भागून पाहा : कोयनेची सरासरी खोली २५ मीटरच्या पुढे जाते, जायकवाडीची आठ-नऊ मीटरच्या आत राहते. उथळ आणि विस्तीर्ण पाणी मराठवाड्याच्या उन्हात किती वेगाने उडून जात असेल, हे आता वेगळे सांगावे लागत नाही. धरणाची उंची कोयनेची सुमारे १०३ मीटर आणि जायकवाडीची सुमारे ४१ मीटर, तर लांबी अनुक्रमे सुमारे आठशे मीटर आणि दहा किलोमीटर, हे तक्त्यातले कोरडे आकडेही याच ठिकाणी बोलू लागतात. दरी अडवायची तर उंच आणि आखूड भिंत लागते, मैदान अडवायचे तर बुटकी आणि लांब.

आणखी एक आकडा तुम्ही पूर्ण सोडला आहे आणि तो फार मोलाचा आहे. जायकवाडीच्या १०२.७ टीएमसीपैकी सुमारे २६ टीएमसी हा मृतसाठा आहे, म्हणजे कालव्यांच्या मुखाच्या पातळीखालचे पाणी. कोयनेत मृतसाठा जेमतेम पाच टीएमसी आहे. म्हणजे एकूण साठा सारखा दिसत असला तरी उपयुक्त साठ्यात जायकवाडी सुमारे २४ टीएमसीने मागे पडते. वर्तमानपत्रात टक्केवारी येते ती उपयुक्त साठ्याची. दुष्काळात ‘जायकवाडी शून्य टक्के’ असे छापून येते तेव्हाही धरणात पाणी असते आणि छत्रपती संभाजीनगरची तहान त्या मृतसाठ्यावर भागवली जाते. ज्या साम्यापासून निबंध सुरू झाला ते साम्यच इथे थोडे ढासळते. तुम्हाला वाटेल की यामुळे तुमचा मुद्दा कमकुवत होईल. मला उलट वाटते. वरवर सारखे दिसलेले नीट मोजल्यावर कुठे आणि का वेगळे निघाले, हे वाचकाच्या डोळ्यांदेखत दाखवता येणे, यासाठीच तर हा प्रकार लिहायचा.

इथे इतर वाचकांसाठी एक वेगळे उदाहरण देतो, कारण हे तत्त्व फक्त धरणांना लागू नाही. टिळक आणि आगरकर यांची तुलना आपल्याकडे पुनःपुन्हा होते आणि तिच्यात अजून जीव आहे, याचे कारण दोघांचे मतभेद हे एकटे नाही. दोघेही १८५६ साली जन्मले, दोघेही डेक्कन कॉलेजात शिकले, न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ या कामांत दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र राहिले. इतके समान असलेले दोघे जेव्हा आधी समाजसुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य या प्रश्नावर दुरावतात, तेव्हा तो दुरावा स्वभावाचा, शिक्षणाचा किंवा वयाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. त्याचे मूळ विचारात शोधावे लागते. समान भूमी जितकी पक्की, तितका भेद अर्थपूर्ण ठरतो. म्हणून कोणत्याही दोन व्यक्ती, दोन कविता किंवा दोन शहरे निवडताना, ‘यांच्यात असे काय समान आहे, ज्यामुळे यांचा भेद विचार करण्याजोगा होतो?’ हे आधी स्वतःला विचारावे. याचे उत्तर सापडत नसेल तर जोडी बदलावी. जोडी शिक्षकांनी दिलेली असेल आणि बदलता येत नसेल, तर तुलनेचा पैलू बदलावा.

आता तुमचे दुसरे गृहीत : दोन्ही धरणांना सारखी पाने द्यायची. न्याय आणि पानांची संख्या यांचा संबंध नसतो. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने जायकवाडीचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे, तेव्हा त्याला जास्त जागा लागली तर लागू द्या. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळा. जो निकष एका धरणाला लावाल, तो दुसऱ्यालाही लावा. तुमच्या निबंधात कोयनेच्या भागात ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपावर दीड पान आहे, पण जायकवाडीच्या भागात सुरक्षिततेचा विषयच नाही. उलट जायकवाडीच्या भागात पक्षी अभयारण्यावर एक पान आहे आणि कोयनेच्या भागात अभयारण्याचा उल्लेखही नाही, जणू तिथे जंगल नाही. असा एकाकी मुद्दा वाचला की वाचक मनात विचारतो, ‘आणि तिकडे?’ त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नसेल तर तो मुद्दा काढून टाकावा.

काढून टाकणे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. ‘जायकवाडी’ हे नाव बीड जिल्ह्यातल्या ज्या गावाचे, तिथे धरण व्हायचे होते आणि प्रत्यक्षात ते वर पैठणला झाले, तरी नाव तेच राहिले, ही हकिगत तुम्ही फार छान सांगितली आहे, आणि मला ती वाचताना आनंदही झाला. पण पाण्याच्या भरवशाविषयीच्या प्रश्नाला ती काहीही हातभार लावत नाही. ती वेगळ्या वहीत जपून ठेवा. भूकंपाबद्दलही मी हेच म्हणेन. तो विषय इतका मोठा आहे की त्याला एका वाक्यात उरकणे योग्य नाही, आणि दीड पान दिले तर निबंध त्याच्याकडे झुकतो.

मांडणीबद्दल तुम्ही विचारले आहे की आधी एक आणि मग दुसरे असे लिहिणे चूकच आहे का. चूक नाही. छोट्या निबंधात, किंवा दोन गोष्टींपैकी दुसरी वाचकाला पहिलीच्या प्रकाशात दाखवायची असेल तेव्हा, ती मांडणी चांगली साधते. अट एवढीच की दुसऱ्या भागातल्या प्रत्येक परिच्छेदाने पहिल्या भागाकडे मागे वळून पाहिले पाहिजे, आणि मुद्द्यांचा क्रम दोन्हीकडे तोच राहिला पाहिजे. नऊ पानांत मात्र दुसऱ्या धरणापर्यंत येईतो वाचक पहिल्याचे आकडे विसरतो. तुमच्यासारख्या आकडेवार विषयात एकेक मुद्दा घेऊन त्यात दोन्ही धरणांचा विचार करावा, हेच बरे. पाणी येते कुठून, साठते कसे, वापरता किती येते, आणि त्यावर हक्क कोणाचा, अशा चार टप्प्यांनी तुम्ही गेलात तर प्रत्येक टप्पा पुढच्याची गरज निर्माण करतो. या पद्धतीतही एक धोका आहे : प्रत्येक परिच्छेद ‘कोयनेत असे, तर जायकवाडीत तसे’ या एकाच चालीवर पडत गेला तर वाचणाऱ्याला झोपाळ्यावर बसल्यासारखे होते. म्हणून एखाद्या परिच्छेदात एकाच धरणावर रेंगाळावे, दुसऱ्याला दोन वाक्यांत आणावे, पुढच्या परिच्छेदात क्रम उलटा करावा.

भाषेबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी दोन गोष्टी सांगतो, कारण तुलना अनेकदा वाक्यातच बिघडते. ‘कोयनेचे पाणलोट क्षेत्र जायकवाडीपेक्षा लहान आहे’ असे तुम्ही लिहिले आहे. या वाक्यात एका बाजूला पाणलोट क्षेत्र आहे आणि दुसऱ्या बाजूला अख्खे धरण. ‘जायकवाडीच्या पाणलोट क्षेत्रापेक्षा’ असे लिहायला दोन शब्द जास्त लागतात, पण मोजमापाच्या लेखनात ते द्यावेत. दुसरी गोष्ट अशी की मराठीत तुलनेसाठी ‘तर दुसरीकडे’ याखेरीज कितीतरी सोयी आहेत. जितका–तितका, जिथे–तिथे, जेव्हा–तेव्हा, जसे–तसे या आपल्या जोड्या दोन गोष्टी एकाच वाक्यात घट्ट बांधतात आणि त्यांच्यातले नातेही सांगतात. ‘जिथे पाऊस पडतो तिथे वरची धरणे आहेत, आणि जिथे जायकवाडी आहे तिथे पाऊस नाही’ या एका वाक्यात जायकवाडीचे निम्मे दुखणे येते. ‘त्या मानाने’, ‘उलट’, ‘मात्र’, ‘तितकेसे नाही’ यांच्या छटा वेगवेगळ्या आहेत, त्या आलटूनपालटून नव्हे तर अर्थ पाहून वापराव्यात. तुमच्या निबंधात मी मोजले, ‘तर दुसरीकडे’ एकोणीस वेळा आले आहे.

आता तुमच्या पत्राचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला त्याकडे येतो. कोणाची बाजू घ्यायची नाही म्हणून तुम्ही निष्कर्षच लिहिला नाही, आणि तटस्थ राहायचे म्हणून आजीचे गाव वगळले. तटस्थता म्हणजे निर्णय न देणे, असे तुम्ही धरले आहे. माझ्या मते निर्णयाकडे जाताना आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही मांडणे, ही तटस्थता. उदाहरणार्थ, जायकवाडीचे दुखणे सांगताना ‘वरच्या धरणांनी आमचे पाणी अडवले’ असे म्हणण्याचा मोह तुम्हाला होईल, आणि त्या तक्रारीत तथ्य आहे म्हणूनच २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने एका खोऱ्यातल्या धरणांत पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे अशी तरतूद केली. पण दारणा आणि भंडारदरा ही धरणे इंग्रजी अमदानीतली आहेत. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली त्याच्या कितीतरी आधी ती उभी होती, आणि त्यांच्याखालची शेतीही उभी होती. निळवंडे मात्र नंतरचे. हे सगळे लिहूनही तुम्हाला जे म्हणायचे ते म्हणता आले, तर तो निष्कर्ष टिकेल.

तसेच कोयनेचे. ‘कोयना स्वतंत्र, जायकवाडी परावलंबी’ असा सुटसुटीत विरोध मांडून निबंध संपवावा असे वाटेल, पण तसे करू नका. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला कोकणाकडे वळवले जाते, आणि ते वर्षाला ६७.५ टीएमसीपेक्षा जास्त वळवू नये अशी मर्यादा कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने घातली आहे, कारण कृष्णेच्या पाण्यावर खालच्या राज्यांचाही हक्क आहे. म्हणजे जायकवाडीला वरच्यांकडे पाहावे लागते आणि कोयनेला खालच्यांकडे. वीज विरुद्ध सिंचन हा तुमच्या तक्त्यातला पहिला भेदही असाच तपासून घ्या : कोयनेची स्थापित क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे हे खरे, पण तिचे पाणी सिंचनालाही जाते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची लांबी २०८ किलोमीटर आणि उजव्याची १३२ किलोमीटर असली, तरी पैठणला बारा मेगावॅटचे छोटे वीजगृहही आहे. आपण काढलेली रेघ कुठे पुसट होते हे लेखकाने स्वतःच दाखवले, तर वाचक उरलेल्या रेघेवर विश्वास ठेवतो.

आणि आजीचे गाव. तुम्ही ते वगळलेत याचे कारण मला पटते, पण वगळायला हवे होते असे मला वाटत नाही. विस्थापन हा तुमच्या तुलनेतला एक निकष होऊ शकतो, आणि जायकवाडीच्या पसरट आकाराशी त्याचा थेट संबंध आहे : उथळ जलाशयाला जास्त जमीन लागते, आणि मैदानातली जमीन म्हणजे गोदाकाठची काळी, पिकती जमीन. पण हा निकष घेतला तर तो कोयनेलाही लावावा लागेल. तिथल्या दरीतली माणसे आपली घरे सोडून कितीतरी लांब, वेगवेगळ्या जिल्ह्यांत वसवली गेली. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा. कोयना त्याच्या आधी पूर्ण झाले होते आणि जायकवाडीचे लोकार्पण त्याच वर्षी फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. म्हणजे दोन्हीकडची गावे उठली तेव्हा या कायद्याचा आधार त्यांना नव्हता. तुमच्या तक्त्यातल्या आठ साम्यांत हे साम्य नाही, आणि मला ते त्या आठांपेक्षा मोठे वाटते.

आजीची आठवण निष्कर्षाचा पुरावा म्हणून वापरू नका. एका माणसाच्या आठवणीवरून दोन धरणांचा निवाडा होत नाही. पण निबंधाच्या सुरुवातीला, हा प्रश्न तुम्हाला का पडला हे सांगताना, ती दोन-तीन वाक्यांत यावी. वाचकाला लेखिका कुठे उभी आहे ते कळते, आणि मग तुम्ही कोयनेच्या विस्थापितांना तेवढीच जागा दिलीत की त्याला तुमचा प्रामाणिकपणा वेगळा पटवून द्यावा लागत नाही.

परीक्षेच्या दालनात बसून तुलनात्मक उत्तर लिहिणाऱ्या वाचकांना हे सगळे करायला वेळ नसतो, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘फरक स्पष्ट करा’ असे विचारले असेल तर तक्ता चालतो. ‘तुलना करा’ किंवा ‘तुलनात्मक चर्चा करा’ असे असेल तर पहिली पाच मिनिटे कच्च्या पानावर रकाने आखा, पण ते रकाने उत्तरपत्रिकेत उतरवू नका. त्यांतले सर्वांत अनपेक्षित साम्य आणि त्याला छेद देणारा सर्वांत मोठा भेद यांच्याभोवती खूण करा, त्या दोहोंना जोडणारे एक वाक्य लिहा आणि उत्तराची सुरुवात त्या वाक्याने करा. उरलेल्या मुद्द्यांपैकी जे त्या वाक्याला आधार देतात तेवढेच घ्या, मग ते तीन असोत की पाच.

तुमच्याकडे दोन आठवडे आहेत, तेव्हा घाई करू नका. पहिले तीन दिवस नवे काहीही वाचू नका. जुन्या नऊ पानांतले सर्व आकडे एका मापात आणून एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा आणि कुठे आश्चर्य वाटते ते पाहा. मी वर मांडलेला पाण्याच्या भरवशाचा प्रश्न तुम्हाला पटला तर घ्या, पण त्या कागदावरून तुमचा स्वतःचा प्रश्न निघाला तर माझा सोडून द्या. तो तक्ता फाडू नका, तो तुमचा कच्चा माल आहे, आणि फार तर निबंधाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून जोडता येईल.

आणि या रविवारी घरी जाल तेव्हा आजीला एक विचारा. गाव उठले त्या वर्षी त्यांच्या शेतात काय उभे होते, विहिरीला पाणी किती हातांवर होते, आणि नवीन जागी गेल्यावर पहिली दोन वर्षे प्यायचे पाणी कुठून आणावे लागले. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून घ्या. नव्या मसुद्याचा पहिला परिच्छेद बहुधा त्यातूनच निघेल. तो झाला की मला जरूर पाठवा, मी वाचेन.